प्रॉडक्शन क्लास रॅली : भाच्याचं पहिलं वर्ष, बेळगावहून

जांबोटीवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझा भाचा गेल्या हंगामात पहिल्यांदा राष्ट्रीय रॅलीत उतरला. क्लास प्रॉडक्शनचा, म्हणजे शोरूममधून निघते तिच्या जवळपासचीच गाडी. ती आमच्याच गॅरेजात तयार केली. पेपरात चार ओळींची बातमी आली आणि तेव्हापासून खानापूर, निपाणी, चंदगड, अगदी गडहिंग्लजहून पोरं गॅरेजवर यायला लागली. काका, कसं उतरायचं? पैसे किती लागतात? इंजिनात काय काय केलं? शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा. इंजिनात काहीही केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रॅली ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : इथं सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. रहदारी बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला स्पेशल स्टेज म्हणतात. त्यावर मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतरानं एकेक गाडी सोडतात. सगळ्या स्टेजांच्या वेळेची बेरीज करायची, ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजवर जायचं ते साध्या रस्त्यानं, सगळ्यांसारखे नियम पाळत. म्हणून गाडीला आरसी, विमा, पीयूसी लागतंच आणि ड्रायव्हरला नेहमीचं लायसन्सही लागतं. शिवाय एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थेचं, स्पर्धेचं लायसन्स वेगळं, ड्रायव्हरचं आणि शेजारी बसून वळणं वाचणाऱ्या नॅव्हिगेटरचंही.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या पोरांना गाडी चालवता येत नाही असं अजिबात नाही. हात चांगले आहेत. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ही वाट बापाच्या नाहीतर काकाच्या शेजारी बसून लहानपणीच पाठ झालेली असते. कुठल्या वळणामागं मोरी आहे, पावसात जांभ्याची लाल माती कुठं वाहून रस्त्यावर येते, गोव्याकडून येणारे ट्रक कुठं वळण सोडून अंगावर येतात, सगळं ठाऊक. भाच्यालाही ठाऊक होतं. रॅलीत मात्र ह्या पाठांतराचा काडीचा उपयोग होत नाही. तिथं रस्ता अनोळखी असतो. रेकीला, म्हणजे स्पर्धेआधी रस्ता बघून घ्यायला, बहुतेक ठिकाणी दोन फेऱ्या मिळतात, त्याही साध्या गाडीतून आणि आयोजकांनी ठरवून दिलेल्या वेगात. पहिल्या फेरीत ड्रायव्हर वळण बघून बोलतो, नॅव्हिगेटर लिहून घेतो. त्याच नोट्स. दुसऱ्या फेरीत नॅव्हिगेटर वाचतो, ड्रायव्हर दुरुस्त करतो. पुढच्या खेपेला त्याच रस्त्यावर हेल्मेट घालून पूर्ण वेगात. जो रस्ता धड लक्षातही नाही तो शेजारच्याच्या तोंडून ऐकत चालवायचा, आणि त्याच्या शब्दावर ब्रेक सोडायचा. भाच्याचं पहिलं वर्ष एवढं शिकण्यातच गेलं आणि माझ्या मते ते तसंच जायला हवं होतं.

पहिल्या रेकीचं सांगतो. कॉफीच्या मळ्यातला रस्ता, एकच गाडी मावेल एवढा. दोन्ही बाजूंना सिल्व्हर ओक, त्यांवर मिरीचे वेल. नॅव्हिगेटर हुबळीचा, भाच्यापेक्षा बराच मोठा. मांडीवर स्पायरलची वही, हातात शिसपेन्सिल. पेन त्याला चालत नाही, कारण दुसऱ्या फेरीत निम्मं खोडावं लागतं. भाचा बोलत होता : लेफ्ट फोर, थर्टी, राइट थ्री टाइटन्स, डोन्ट कट. म्हणजे डावं वळण चार, मग तीस मीटर, मग उजवं तीन, पुढं आवळत जाणारं, आतली कड कापायची नाही. आकडे एक ते सहा. आमच्या पद्धतीत एक म्हणजे अगदी आवळ वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ; काही जण उलटं धरतात, तेही चालतं. थोडं पुढं गेल्यावर नॅव्हिगेटरनं गाडी बाजूला घ्यायला लावली. म्हणाला, ‘आत्ताचं वळण आणि मघा ओढ्यापाशी होतं ते, दोन्ही एकसारखीच. मघा तू थ्री म्हणालास, आता फोर. उद्या मी काय वाचू?’ भाच्याकडं उत्तर नव्हतं. मघा तो ताजातवाना होता, आता कंटाळला होता, एवढाच काय तो दोन वळणांतला फरक. त्या रात्री दोघं लॉजवर रेकीचा व्हिडिओ लावून सगळी वही नव्यानं उतरवत बसले.

प्रश्न असतील ते विचारा. जमेल तसं उत्तर देतो.

कृष्णाकाठ

वाचतोय, सविस्तर येऊ द्या. आम्ही रायबागकडचे. इकडं सगळी काळी माती आणि उसाची राने. सराव कुठं करून घेतलात? घाटात पहाटे रस्ता मोकळा असतो असं पोरं म्हणतात.

जांबोटीवाट

@कृष्णाकाठ, घाटात अजिबात नाही. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. कायदा घटकाभर बाजूला ठेवा. पहाटे घाट मोकळा नसतो. दूध असतं, भाजीचे टेम्पो असतात, कामाला चालत निघालेली माणसं असतात. माझ्या गॅरेजात येऊन कुणी चोर्ल्यात किती मिनिटं लागली ते सांगायला लागला की मी त्याची गाडी हातात घेत नाही.

आम्ही सराव केला तो चिकोडी तालुक्यात, ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात. ऊस तुटून गेला की रान मोकळं होतं आणि ट्रॉल्यांनी पाडलेली गाडीवाट तयारच असते. मालकाला विचारून, कडेला माणसं उभी करून, रान पुन्हा नांगरून देण्याच्या बोलीवर. तिथं डाव्या पायानं ब्रेक मारणं, हँडब्रेकवर गाडी फिरवणं आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अ‍ॅक्सिलरेटर सोडून वळणात कशी ओढायची, एवढं शिकता येतं. तुमच्या काळ्या मातीत पाऊस पडला की गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागेल, त्यामुळं उन्हाळा गाठा. नोट्स ऐकत चालवणं मात्र रानात शिकता येत नाही. त्यासाठी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरलेल्या वेगानं ठरलेल्या वेळेत पोचायची स्पर्धा), ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानातली वेळेची शर्यत), रॅली स्प्रिंट (छोटी रॅली) अशा पायऱ्या चढा. टीएसडीत वेग ठरवून दिलेला असतो, पण शेजारी बसलेल्याचं ऐकायची सवय तिथंच लागते. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा ट्रॅक आहे, तिथं कार्टिंगमध्ये हात बसवून आलेली पोरं पुढं बरी चालवतात हेही मी पाहिलं आहे.

टर्बोप्रेमी

धागा चांगला आहे, पण इंजिनाबद्दल पटलं नाही. रिमॅप, एअर इनटेक, कॅम एवढं तर करायला हवं. वर्षभराचा खर्च करून शेवटी स्टॉक गाडीत क्लासच्या तळाला राहायचं असेल तर उपयोग काय?

जुना जिप्सीवाला

@टर्बोप्रेमी, प्रॉडक्शन क्लासची अटच ती आहे हो. हा विचार आला ग्रुप एनमधून. १९८२ साली आंतरराष्ट्रीय नियमांत ग्रुप एन आणला तो याच हेतूनं, की गाडी कारखान्यातून येते तशीच राहावी. सुरक्षेचं सगळं बसवा. शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंग, ब्रेक पॅड, एक्झॉस्ट यांत काही मुभा. पिस्टन, कॅम, हेड यांना हात लावायचा नाही. आपल्याकडच्या क्लासांचे नियम दरवर्षीच्या नियमपुस्तकात येतात, ते त्या त्या वर्षी वाचावेत. आणि रॅली संपल्यावर पुढच्या गाड्यांची इंजिनं उघडून तपासता येतात. कॅम घालून जिंकलेला कप तिथंच परत करावा लागतो.

जागतिक पातळीवर या वर्गाची स्वतंत्र अजिंक्यपदं होती. १९८७ पासून ग्रुप एनचा कप, २००२ पासून प्रॉडक्शन कार वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप, म्हणजे पीडब्ल्यूआरसी. शेवटचा हंगाम २०१२ चा. सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्हो ह्यांचीच तिथं सद्दी. आपल्या दृष्टीनं लक्षात ठेवण्यासारखं नाव करमजितसिंग यांचं. मलेशियाचे शीख ड्रायव्हर, गाडी प्रोटॉन पर्ट, आणि २००२ चं अजिंक्यपद त्यांचं. जपानचे तोशिहिरो आराई २००५ आणि २००७ असे दोनदा जिंकले.

पहिल्या वर्षाचं म्हणाल तर न्यूझीलंडच्या हेडन पॅडनचं उदाहरण घ्या. एका टायर कंपनीच्या शिष्यवृत्तीवर २०१० मध्ये त्यानं पीडब्ल्यूआरसीचा हंगाम केला. ते वर्ष त्यानं रस्ते आणि नोट्स शिकण्यात घालवलं, २०११ मध्ये अजिंक्यपद घेतलं आणि २०१६ मध्ये अर्जेंटिनाची रॅली सगळ्यांत पहिला येऊन जिंकली. प्रॉडक्शन क्लासमधून वर जाता येतं ते असं.

टर्बोप्रेमी

इंजिन उघडून तपासतात हे माहीत नव्हतं. आभार.

उद्यमबागवाला

फॅब्रिकेशनचं मी सांगतो, कारण त्यात आमचं बेळगाव कुणाला हार जाणार नाही. उद्यमबागेत टर्नर, वेल्डर, फाउंड्री सगळं एका हाकेवर आहे, आणि म्हणूनच धोका आहे. पोरं येतात आणि म्हणतात, मामा, फर्निचरचा पाइप वाकवून केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) करून द्या. देऊ नका रे बाबांनो. आणि करून मागूही नका.

आंतरराष्ट्रीय नियमांत रोल केजला कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलची नळी लागते, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मुख्य कमान ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, नाहीतर ५० मिमी आणि २ मिमी. बाकीच्या नळ्या ३८ ला २.५ किंवा ४० ला २. वाकवताना नळीच्या मध्यरेषेवरची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवायची, आणि वाकवल्यावर नळी चपटी दिसली तर ती भंगारात. मुख्य कमानीचा पाय नुसता पत्र्यावर टेकवून चालत नाही. खाली किमान ३ मिमीची प्लेट, १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची, आणि त्या प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे एम८ बोल्ट किमान तीन. ह्यात कुठंही काटकसर केली की गाडी उलटल्यावर केज पत्रा फाडून आत येतो.

धागाकर्त्यांच्या गाडीचा केज मी पाहिला आहे. मुख्य कमानीचे जोड छताजवळ असतात, तिथं टॉर्च आत घालायला जागा नसते, म्हणून बहुतेक जण दिसेल तेवढंच वेल्ड करतात. यांनी केजचे पाय फ्लोअरला भोकं पाडून खाली सोडले, कमान छतापासून लांब झाली, वरून पूर्ण गोल वेल्ड मारलं आणि मग केज उचलून खाली प्लेटा बसवल्या. हे काम दोन दिवस जास्त खातं. पण करावं असंच आहे.

निपाणीची आई

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो हा धागा वाचतोय, मीही वाचतेय. तुम्ही सगळे गाडीबद्दल लिहिताय. मला एकच विचारायचं आहे : गाडी जंगलात कुठं तरी उलटली तर कुणाला कळतं का? किती वेळात कळतं?

जांबोटीवाट

ताई, बरं झालं विचारलंत. माझ्या बहिणीनं हाच प्रश्न विचारला होता.

स्टेजवर ठरावीक अंतरानं रेडिओ पॉइंट असतात. कुठली गाडी कुठून गेली याची तिथं नोंद होते, आणि एखादी पुढच्या पॉइंटला वेळेत आली नाही तर शोध सुरू होतो. प्रत्येक गाडीत एक मोठा फलक असतो, एका बाजूला हिरव्यात ओके, दुसऱ्या बाजूला लाल एसओएस. गाडी थांबली आणि दोघं ठीक असतील तर पाठून येणाऱ्यांना ओके दाखवायचं. डॉक्टर लागणार असेल तर एसओएस. आणि गाडीच्या मागं निदान ५० मीटरवर त्रिकोण ठेवायचा. लाल फलक दिसला तर मागच्या गाडीनं थांबलंच पाहिजे, हा नियम आहे. तिथं कुणी वेळेचा विचार करत नाही. स्टेजच्या सुरुवातीला डॉक्टर आणि रेस्क्यूची गाडी तयार असते.

आत दोघंही बकेट सीटमध्ये, सहा पट्ट्यांच्या हार्नेसनं बांधलेले. अंगात न पेटणारा सूट, डोक्यावर मान्यता असलेलं हेल्मेट आणि मानेसाठी हान्स, म्हणजे धडकेत डोकं झटक्यानं पुढं जाऊ न देणारी खांद्यावरची चौकट. हे सगळं नवीन घ्या. कुणाकडून जुनं स्वस्तात मिळालं तर त्यावरचं लेबल वाचा. हार्नेसची मुदत तयार केल्यापासून ५ वर्षं, एफआयएच्या (मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) मान्यतेच्या नेहमीच्या सीटचीही ५ वर्षं. मुदत संपलेली पट्टी बाहेरून नव्यासारखी दिसते, पण तिचा धागा कमजोर झालेला असतो. माझा हिशेब सरळ आहे : आधी केज, सीट, हार्नेस, हेल्मेट, मग नॅव्हिगेटरचा खर्च, मग शॉकअब आणि टायर, आणि काही उरलंच तर बाकीचं. ज्या घराला हा पहिला भाग परवडत नाही त्या घरानं एक वर्ष थांबावं. मुलगा एकोणीसचा आहे, विसाव्या वर्षी उतरला तर काही बिघडत नाही.

धोका शून्य होतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. आतल्या माणसांसाठी पुष्कळ केलेलं असतं. रस्त्याकडेच्या माणसांचं अवघड असतं. २०१९ मध्ये जोधपूरच्या राष्ट्रीय रॅलीत, बाडमेर जिल्ह्यातल्या बंद स्टेजवर, एक मोटरसायकल आली, गाडीनं तिला धडक दिली आणि एकाच घरातली तीन माणसं गेली. गाडी गौरव गिल चालवत होते. तीन वेळा आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद मिळवलेला माणूस, त्याच वर्षी मोटरस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कार मिळालेला. एवढ्या अनुभवी ड्रायव्हरच्या हातातही तिथं काही उरलं नव्हतं. तुमचा मुलगा उतरेल तेव्हा बघायला जाणाऱ्या घरच्यांनाही सांगा, वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहायचं नाही.

निपाणीची आई

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मुलाला तुमच्याकडं एकदा घेऊन येते.

तिलारीकाठ

+१. पूर्ण हंगाम कसा गेला ते पण लिहा की. निकाल सांगा.

जांबोटीवाट

लिहितो.

पहिल्या रॅलीत गाडी पूर्ण झाली, वेळ यथातथाच. खरं सांगायचं तर भाचा पूर्ण वेळ नोट्स ऐकतच नव्हता. नॅव्हिगेटर एक वळण पुढचं वाचायचा, हा डोळ्यांना दिसेल ते चालवायचा. दिसण्यावर चालवलं की प्रत्येक टेकाडाच्या अलीकडं पाय उचलला जातो. असे दोन दिवसभर पाय उचलले की किती वेळ जातो, हिशेब करा.

दुसऱ्या खेपेला उलटं झालं. दुपारचं ऊन, मळ्यातलाच रस्ता. नॅव्हिगेटरनं वाचलं, राइट टू. समोर भाच्याला झाडांची रांग सरळ जाताना दिसत होती, मध्ये मोकळी जागाही दिसत होती. त्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवला. ती मोकळी जागा म्हणजे कॉफी वाळवायच्या खळ्याकडं जाणारी वाट होती, रस्ता झाडामागून उजवीकडं वळला होता. गाडी डावीकडच्या चरात गेली. दोघंही ठीक. ओके फलक दाखवला, मळ्यातल्या माणसांनी ढकलून बाहेर काढली, पण लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकला होता आणि डावं चाक आत बघत होतं. तशीच ओढत सर्व्हिसला, म्हणजे दुरुस्तीच्या ठरलेल्या जागी, आणली. ताडपत्री अंथरलेलीच होती, ती सक्तीची असते, तेलाचा थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही. घड्याळ लावून काम. एकानं चाक काढलं, एकानं बॉल जॉइंट सोडवला. नवा आर्म आत जाईना, कारण सबफ्रेमचं भोकच किंचित सरकलं होतं. शेवटी पट्टा लावून सबफ्रेम ओढली आणि बोल्ट बसला. अलाइनमेंट सुतळी बांधून. वेळेत गाडी बाहेर पडली.

त्या रात्री भाचा जेवताना म्हणाला, ‘मामा, त्यानं बरोबर वाचलेलं. मला समोर मोकळं दिसलं म्हणून मी ऐकलो नाही.’ मी काही बोललो नाही. नॅव्हिगेटरही काही बोलला नाही. त्यानं वहीत त्या वळणाशी खुणेची रेघ मारली आणि पान उलटलं.

तिथून पुढं मात्र बदल पडला. पवनचक्क्यांच्या पट्ट्यातली मोकळ्या रानातली रॅली होती. तिथं झाडं नाहीत, रस्ता लांबवर दिसतो, धूळ मात्र बेसुमार. पुढच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत हा आत घुसायचा आणि धुळीत डोळ्यांना काही दिसतच नव्हतं. आता ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. ऑनबोर्ड व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिला आहे. काचेबाहेर नुसता पिवळा पडदा आणि नॅव्हिगेटरचा आवाज एका लयीत, ना वर ना खाली. क्रेस्ट (टेकाडाचा माथा), फिफ्टी, लेफ्ट फाइव्ह. आणि स्टिअरिंग त्या आवाजाबरोबर वळतंय. क्लासमधल्या जुन्या ड्रायव्हरांच्या वेळेशी आमची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा जवळ आली. इंजिन तेच, टायर तेच.

नॅव्हिगेटरचं काम नुसतं वाचण्याचं नसतं, हेही पोरांनी समजून घ्यावं. टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या चौकीवर, ठरलेल्या मिनिटालाच जायचं असतं. उशीर झाला तर प्रत्येक मिनिटाला १० सेकंद दंड, आणि लवकर गेलात तर प्रत्येक मिनिटाला पूर्ण १ मिनिट. एका ठिकाणी भाचा घाईनं बोर्डाच्या आत गाडी घालायला निघाला होता. नॅव्हिगेटरनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवला आणि घड्याळ दाखवलं. स्टेजवर जे मिनिट आठवडाभर घाम गाळून मिळत नाही ते तिथं गेलं असतं. कासरगोडचे मूसा शरीफ ३०० हून जास्त रॅल्या शेजारच्या सीटवर बसून करून आलेत आणि देशातले मोठे ड्रायव्हर त्यांना शेजारी बसवतात, ते याच कारणानं. आपल्याकडं मात्र प्रत्येक पोराला ड्रायव्हरच व्हायचं असतं. बेळगावातून चांगले नॅव्हिगेटर निघावेत अशी माझी फार इच्छा आहे. गणित बरं असलेली, डोकं शांत असलेली मुलं-मुली आपल्याकडं कमी नाहीत.

हंगामाच्या शेवटी क्लासच्या यादीत मधोमध कुठं तरी नाव आलं. चषक नाही.

खानापूरकर

सगळा धागा एका बैठकीत वाचला. दंडवत. नॅव्हिगेटरनं गुडघ्यावर हात ठेवला तो प्रसंग फार आवडला.

एक सुचवावंसं वाटतं. दरवेळी चिक्कमगळूर, कोडगू, कोइमतूर असं दक्षिणेला जाण्यापेक्षा एखादी रॅली आपल्याकडं का होऊ नये? लोंढ्याकडचे, कणकुंबीकडचे जंगलातले रस्ते कुठल्याही स्टेजला लाजवतील असे आहेत.

जांबोटीवाट

@खानापूरकर, रॅली आपल्या जिल्ह्यात व्हावी असं मलाही मनापासून वाटतं, पण त्या रस्त्यांवर नको. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. बारापेडेच्या गुहांतली रॉटन जातीची वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी उरली आहेत. म्हादईचं पाणी तिथंच उगम पावतं. त्या रानात रात्री फटाक्यासारखे आवाज करत गाड्या नेणं मला स्वतःला सहन होणार नाही. दक्षिणेत मळ्यांच्या आत रॅली करतात त्यामागं शहाणपण आहे : रस्ता खाजगी, मालक एक, दारं बंद करता येतात. आपल्याकडं अशी जागा म्हणजे पूर्वेकडचे माळ. मालक एकच नसेल, तर ग्रामपंचायतीशी बसून बोलावं लागेल. आणि मार्शल नेमताना मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी त्याच गावची माणसं हवीत. जोधपूरनंतर एवढं तरी शिकायला हवं. बाहेरून आलेल्या माणसानं शिट्टी वाजवली तर गावात कुणी थांबत नाही, गावच्याच माणसानं हात केला तर थांबतात.

खानापूरकर

पटलं. अभयारण्याचा विचार लिहिताना डोक्यात आला नव्हता. माळाच्या बाजूची दोन-तीन गावं माझ्या ओळखीची आहेत, पंचायतीत विचारून बघतो.

हिशेबी

खर्चाचं कुणी लिहीत नाही म्हणून विचारतो. गाडीचा विमा असतोच ना? आपटली तर क्लेम मिळेल की.

जांबोटीवाट

@हिशेबी, नाही मिळणार. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यासाठी गाडी वापरली तर भरपाई नाही असं स्पष्ट छापलेलं असतं. पॉलिसी काढून वाचा, वापराच्या मर्यादा या कलमाखाली सापडेल. ती पॉलिसी रस्त्यावरच्या प्रवासापुरती. स्टेजवर मोडलं ते आपल्या खिशातून. म्हणून कर्ज चालू असलेली गाडी रॅलीला नेऊ नका. पूर्ण फेडलेली, जुनी, सुटे भाग गल्लीत मिळतील अशी गाडी घ्या. आम्ही लोअर आर्म, अ‍ॅक्सल, रेडिएटर, हब हे सगळं जोडीनं बरोबर नेलं होतं, आणि त्यातलं बरंचसं लागलं.

प्रवेश फी, टायर, राहणं, टेम्पोचं भाडं हे दर हंगामाला बदलतं. एवढं नक्की की गाडीच्या किमतीपेक्षा हंगामाचा खर्च जास्त होतो. नवख्यांसाठीचा आणि तरुणांसाठीचा गट असेल तिथं फीत सवलत मिळते का हे आधी विचारा.

फायनल इयर मेकॅनिकल

सर, मी बेळगावातच शिकतो. कॉलेजात आम्ही बाहाची (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवायची स्पर्धा) गाडी बनवली होती, वेल्डिंग आणि सस्पेन्शन मी पाहिलं होतं. ड्रायव्हिंग नको, सर्व्हिस क्रूमध्ये घ्याल का? पगार नको.

जांबोटीवाट

नक्की ये. फुकट मात्र राबायचं नाही, जेवण, प्रवास आणि राहणं आमच्याकडं. येताना स्टीलटोचे बूट घालून ये आणि हातात काही अंगठी-कडं नको. पहिला महिना तुला एकच काम देईन : डोळे मिटून प्रत्येक बोल्टला कुठला स्पॅनर लागतो ते सांगायचं. सर्व्हिसमध्ये स्पॅनर शोधायला वेळ नसतो.

आणि एक विचारतो. गणित कसं आहे तुझं? गाडीत वाचताना मळमळतं का?

फायनल इयर मेकॅनिकल

गणित चांगलं आहे सर. बसमध्ये पुस्तक वाचतच हुबळीला जातो, त्रास होत नाही.

जांबोटीवाट

मग ये, बोलू.

जुना जिप्सीवाला

धागाकर्ते, शेवटचं विचारतो. एक वर्ष झालं, मुलगा तयार झाला. आता वरच्या क्लासात नेणार का? मोठ्या इंजिनाची गाडी बघताय असं ऐकलं.

जांबोटीवाट

बघत होतो, हे खरं. पार कोल्हापूरपर्यंत जाऊन एक गाडी पाहूनही आलो. भाच्यालाच नको आहे. तो म्हणतो, ह्याच गाडीत, ह्याच नॅव्हिगेटरबरोबर अजून एक हंगाम करू, कारण ज्या स्टेजा पाय उचलत केल्या त्या न उचलता कशा होतात ते बघायचं आहे. मला ते पटलं. गाडी तीच राहील. केज पुन्हा तपासून घेऊ, सबफ्रेम नवीन टाकू, मागचे शॉकअब बदलू, कारण मळ्यातल्या दगडांवर मागचा भाग फार उडत होता. इंजिनाचं तेल, फिल्टर, टायमिंग बेल्ट, बस्स.

नवी वही मात्र त्यानं आत्ताच आणून ठेवली आहे, आणि नॅव्हिगेटर पुढच्या आठवड्यात हुबळीहून येतोय. दोघं मिळून जुने व्हिडिओ लावून वळणांचे आकडे पुन्हा ठरवणार आहेत, थ्री कशाला म्हणायचं आणि फोर कशाला. ज्यांना ते काम कसं चालतं ते बघायचं असेल त्यांनी गॅरेजवर यावं. निपाणीच्या ताईंनी मुलाला त्याच दिवशी आणलं तर उत्तम.